भरीत पार्टीला पहिल्यांदा जाताय?

भाऊ, जळगावात नवे आहात, तर हिवाळ्यात कुणीतरी शेतात भरीत पार्टीला नेणारच. तिथे चमचा मागू नका. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी मोडायची आणि हातानंच भरीत उचलायचं. वांगी काड्यांवर भाजताना, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचताना मदतीला उभे राहा. आयता ताटावर बसणारा खटकतो.

घरी वरण-बट्टी असेल तर बट्टी नीट कुस्करा, मधे आळं करा. तुपाच्या पहिल्या धारेला नाही म्हणू नका, वाढणाऱ्या माउलीचा जीव त्यात असतो. पुरे झालं की ताटावर हात आडवा धरा, पण उष्टं टाकू नका. ते मनाला फार लागतं.

पंगतीत म्हाताऱ्यांआधी उठू नका. ढाब्यावर शेवभाजी आली की फोन बाजूला ठेवा, शेव रश्श्यात लगेच फुगते.