प्रमुखपद सोडायला हरकत नाही, तारीख मात्र बॅच बघून ठरवा

प्रश्न : माझी मुलगी ३६ वर्षांची, एमएसडब्ल्यू. एका संस्थेत दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेची (गावाकडच्या मुलामुलींना प्रशिक्षण देऊन नोकरीला लावायची सरकारी योजना) प्रकल्पप्रमुख आहे. ६ वर्षे ४ महिने झाले. आता थकले म्हणते, याच आठवड्यात राजीनामा द्यायचाय. नोटीस ३ महिन्यांची. दुसरी नोकरी हातात नाही. तिला थांबवावं का?

उत्तर : थांबवू नका. उद्दिष्टं, हप्ते आणि तपासण्या यांच्या कात्रीत सहा वर्षं काढलेल्या माणसाला "अजून एक वर्ष काढ" म्हणून काही साधत नाही. फक्त कागद देण्याआधी तिने दोन हिशेब करावेत.

पहिला तिचा स्वतःचा. ग्रॅच्युइटी काढताना शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात, नाहीतर सोडून देतात. मूळ पगार आणि भत्ता मिळून ३९,००० असेल तर एका वर्षाचे २२,५०० होतात. नोटीस पूर्ण केली तर सेवा ६ वर्षे ७ महिने, म्हणजे सात वर्षांचे १,५७,५००. संस्थेने "उद्यापासून आला नाहीत तरी चालेल" म्हटलं आणि ती खुशीत निघाली, तर सहाच वर्षांचे १,३५,०००. त्यामुळे राजीनाम्यात कामाचा शेवटचा दिवस तारखेनिशी लिहावा. पीएफ काढू नये, नव्या नोकरीत वर्ग करावा.

दुसरा हिशेब बॅचचा, म्हणजे प्रशिक्षणाच्या तुकडीचा, आणि घोळ होतो तो इथेच. योजनेच्या आधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंजूर प्रकल्पांत संस्थेला पैसे २५, ५०, १५ आणि १० टक्के अशा चार हप्त्यांत येतात. प्रशिक्षित मुलांपैकी किमान ७० टक्के नोकरीला लागावी लागतात, आणि 'लागला' हे तीन महिन्यांच्या पगाराच्या पुराव्यावरच ठरतं. ३५ च्या बॅचमध्ये म्हणजे किमान २५ मुलं. आता बघा, गडचिरोलीची मुलगी चाकणच्या कारखान्यात लागली. दोन पगारपत्रकं आली, तिसरं कंपनीच्या एचआरकडे अडकलं. त्या एचआरचा नंबर कुठे? प्रमुखाच्या खासगी मोबाइलमध्ये! प्रमुख गेली की पत्रक येत नाही, मुलगी कामावर असूनही कागदावर गळते. अशी तीन-चार झाली की बॅच ७० टक्क्यांखाली आणि पुढचा हप्ता लांबणीवर. त्या मुलीला योजनेतून मिळायची नोकरीनंतरची मदतही रेंगाळते. जिल्ह्याबाहेर, पण राज्यातल्या राज्यात नोकरी असेल तर ती महिना १,००० प्रमाणे तीन महिने असते. रक्कम लहान, पण खोलीभाड्यासाठी मुलं तिच्यावरच विसंबतात आणि फोन जुन्या मॅडमलाच करतात.

म्हणून नोटीसच्या काळात नवी बॅच स्वतःच्या नावावर सुरू करू नये. चालू बॅचची एक यादी करावी: मुलाचं नाव, कंपनी, एचआरचा नंबर, रुजू तारीख, आलेली पगारपत्रकं, बाकी मदत. मोठ्या कंपन्यांत आणि 'उमेद'च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) ग्रामसंघांत, म्हणजे गावातल्या बचतगटांच्या संघांत, नव्या माणसाला घेऊन दोनदा जावं. पहिल्या फेरीत तिने बोलावं, दुसऱ्या फेरीत त्याने. नव्या माणसाची नेमणूकच झाली नसेल तर उपप्रमुखाला न्यावं, पण एकटीने जाऊ नये.

बँकेत तिची सही चालत असेल तर ती काढल्याचा ठराव आणि बँकेची पोच, दोन्हींची प्रत घ्यावी. डिजिटल सहीचा टोकन पिनसकट मागे ठेवायला संस्थेतले लोक सांगतात, "पुढची यूसी (पैसे कसे खर्चले त्याचं प्रमाणपत्र) तेवढी काढून घेतो." इथे भिडेला पडू नये. नंतरच्या लेखापरीक्षणात प्रश्न निघाला तर सही तिचीच दिसेल.

पुढची नोकरी याच वर्तुळात शोधायची तर कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक कामाचे) विभाग, 'उमेद'सारख्या राज्य अभियानातली सल्लागार पदं, किंवा जिथे तिने मुलं लावली त्या कंपन्यांची भरती-प्रशिक्षण खाती. पदनाम एक पायरी खाली येईल, त्याला बिचकू नये. बायोडाटात 'नेतृत्व केले' लिहून कुणाला काही कळत नाही. किती मुलं शिकली, किती लागली, तीन महिन्यांनी आणि वर्षाने किती टिकली, किती रुपयांचा प्रकल्प सांभाळला, हे चार आकडे वरच्याच ओळीत हवेत. ते संस्थेच्या लेटरहेडवर अनुभव प्रमाणपत्रात घालून घ्यावेत, आणि तेही शेवटच्या दिवसाआधी. निघून गेल्यावर असलं पत्र काढायला कुणाला वेळ नसतो.