पाच एचपीच्या मोटरवर ३.७ का लिहिलंय?

खानापूरकडच्या एका दादांनी विचारलंय: बोअरसाठी पाच एचपीची मोटर आणली, पण पाटीवर ३.७ लिहिलंय. दुकानदाराने लहान मोटर गळ्यात मारली का? आणि एचपी, म्हणजे हॉर्सपॉवर, यात नेमके कुठले घोडे?

दादा, मोटर बरोबर आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. पाचपट केलं की ३,७३० वॉट, म्हणजे ३.७ किलोवॉट. एकाच ताकदीची ही दोन मापं. बेळगावच्या उद्यमबागेत मोटरी रिवाइंडिंग करण्यात माझी बरीच वर्षं गेली. उन्हाळा लागला की हा प्रश्न घेऊन कोणीतरी दुकानात यायचंच.

आता घोड्यांचं. वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्यांशी थॉमस सेव्हरीने १७०२ मध्येच केली होती, पण माप पक्कं केलं जेम्स वॉटने, आणि त्यामागे सरळ धंद्याची अडचण होती. त्याचं इंजिन खाणीतलं पाणी उपसायला बसवलं की भाडं ठरवणं सोपं असायचं: जुन्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॉटचा. पण १७८० नंतर त्याची चाक फिरवणारी इंजिनं गिरण्यांत आणि बिअरच्या कारखान्यांत जाऊ लागली. तिथं आधी इंजिनच नव्हतं, घोडे जुंपलेले होते. मग वाचलेला कोळसा मोजायचा कुठून? मालकाला एवढंच कळायचं, की यानं माझे किती घोडे सुटतील.

म्हणून वॉटने घोड्याचंच काम मोजलं. आपल्याकडं जुन्या गुऱ्हाळात चरकाला बैल जुंपून गोल फिरवायचे, ते डोळ्यासमोर आणा. त्याचा घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेऱ्या मारायचा आणि १८० पौंडांच्या जोरानं ओढायचा, असा हिशेब त्यानं धरला. गुणाकार केला की मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड येतात (एक पौंड वजन एक फूट उचललं की एक फूट-पौंड). ते त्यानं ३३,००० केले, आणि आजही ब्रिटिश एचपी तोच आहे. माप जरा सढळच होतं. साधा घोडा दिवसभर एवढं ओढू शकत नाही, पण थोडा वेळ जीव लावून ओढला तर याच्या कितीतरी पट जोर लावतो. तेव्हा तुमच्या बोअरमध्ये पाच घोडे आहेत असं समजू नका; ते नुसतं ठरवलेलं माप आहे. शाळेच्या पुस्तकात मराठीत अश्वशक्ती, कन्नडमध्येही अश्वशक्तीच. दुकानात मात्र दोन्हीकडची माणसं ‘एचपी’च म्हणतात.

शेतकऱ्याच्या कामाचा हिशेब असा: एक एचपी म्हणजे सेकंदाला ७६ लिटर पाणी एक मीटर वर उचलणं. तुमचं पाणी १०० मीटरवरून येत असेल, तर पाच एचपीला सेकंदाला ३.८ लिटर, तेही काहीच वाया गेलं नाही तर. पंप आणि पाइप आपला वाटा खातात, म्हणून हाती साधारण निम्मंच लागतं. पाणी कमी पडलं म्हणून लगेच मोटरला दोष देऊ नका.

पाटीवरचा आकडा मोटर शाफ्टवर जेवढं काम देते त्याचा असतो, तारेतून जेवढी वीज ओढते त्याचा नाही. तुमची ३.७ ची मोटर ८० टक्के कार्यक्षम असेल तर तासाला साडेचार युनिटांच्या वर जाणार. केबल आणि स्टार्टर घेताना पाटीवरचे अँपिअर बघा.

खरी फसगत होते ती ‘साडेसात’ या शब्दात. चिकोडीकडच्या एका शेतकऱ्यानं फोनवर ‘साडेसातची पाठवा’ म्हणून सांगितलं. त्याला हवे होते साडेसात एचपी, म्हणजे ५.५ किलोवॉट. आली साडेसात किलोवॉटची, म्हणजे दहा एचपी. स्टार्टर बदलावा लागला, केबल बारीक पडली, आणि ऐन उसाच्या पाण्याला चार दिवस गेले. त्यात कर्नाटकात शेतीपंपाला मोफत वीज दहा एचपीपर्यंतच आहे. त्याच्या थोडं जरी वर गेलात तरी बिलाचं गणित बदलतं.

म्हणून मोटर सांगताना ‘साडेसात एचपी, पाच पॉइंट पाच किलोवॉट’ असं दोन्ही बोला, आणि गाडीत चढवण्याआधी पाटीचा फोटो मागवून घ्या.