शेंगा करपल्या नव्हत्या

"मॅडम, माझा मेंदू किडतोय का हो?" खुर्चीत टेकायच्या आतच तिनं विचारलं. मार्च २०२२ ची गोष्ट. सोलापुरात घरी शेंगाचटणी करून विकणारी ही बाई. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

एप्रिल २०२१ मध्ये तिला कोरोना झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. महिन्याभरानं जरा येऊ लागला, आणि जुलैत भलतंच सुरू झालं. लसूण सडका, कांद्याची फोडणी जळक्या रबरासारखी, अंडं तर समोरही नको. ताट सरकवलं की अत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणायच्या, "माझ्या हातचं आता नको झालं का?" मागावरून दमून आलेला नवरा म्हणायचा, "डोक्यात घेतलंस तू." वजन आठ किलोनं उतरलं. शेंगा किती भाजायच्या हे तिला नाकच सांगायचं, तेच फसवायला लागलं. चांगल्या शेंगा करपल्या समजून तिनं दोनदा कढई ओतून दिली. त्यात भाच्यानं मोबाईलवर बातमी दाखवली, कोरोनानं मेंदू आकसतो.

तिचं ऐकून मला आधी घरच्यांचा राग आला, हे कबूल करते. पण त्यांना तरी कुणी समजावलं होतं?

मी कागदावर नाक काढलं. नाकाच्या वरच्या भागात वास ओळखणाऱ्या मज्जापेशी असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी असतात. हा विषाणू मुख्यतः आधारपेशींत शिरतो, कारण त्याला आत घेणारं एसीई-२ हे प्रथिन त्यांच्यावर असतं. सांभाळणाऱ्याच आजारी पडल्या की मज्जापेशींचंही काम बिघडतं. वास ओळखणाऱ्या पेशी मात्र आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात. त्या भरून येत असताना लसणाच्या वासातला एखादाच तुकडा मेंदूपर्यंत पोचतो आणि ओळखीचा लसूण सडका वाटतो, असं मानलं जातं. म्हणजे वास विचित्र येणं हे बहुतेकदा दुरुस्ती चालू असल्याचं लक्षण असतं, वेडाचं नाही.

बातमीतला अभ्यास खरा होता. ब्रिटनमध्ये ७८५ जणांचे मेंदूचे स्कॅन दोनदा घेतले, त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोरोना होऊन गेला होता. वासाशी जोडलेल्या भागांत त्यांच्यात बाकीच्यांपेक्षा जास्त बदल दिसला, पण तो फरक सरासरी ०.२ ते २ टक्के. मी तिला तो आकडाच लिहून दिला. मेंदू किडतो, असं त्यात कुठंच नव्हतं. अर्धं अंग लुळं पडणं, बोबडी वळणं, झटके येणं, असं काही झालं तर मात्र क्षणही न दवडता दवाखाना गाठायचा, हेही बजावलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून वासाचा सराव दिला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वास थोडा वेळ हुंगायचा, मन लावून, जुनी आठवण काढत. निदान तीन महिने. "लवंगेचा वास येतच नाही, मग हुंगू कशाला?" ती चिडली. येत नाही म्हणूनच, मी म्हणाले.

पुढच्या वेळी अत्याबाईंना सोबत बोलावलं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. सुनेला तोच नीट कळत नाही, हे ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "रेग्युलेटर मी बंद करत जाते. दूधपण मीच हुंगते." शेंगा भाजायलाही त्या शेजारी बसू लागल्या. सुनेसाठी लसणाशिवायचं वरण आणि दही-भाकरी वेगळी निघू लागली. गार जेवणाला वास कमी येतो, म्हणून ते तिला सोसायचं.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. लसूण अजून सुधारला नव्हता. "पण मॅडम, आज लवंग लवंगेसारखी आली," ती म्हणाली, आणि मागून अत्याबाईंचा आवाज आला, "अगं, शेंगा उतरव आधी."