तिजोरीसमोरचं अर्धं मिनिट

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चौदा मिनिटांच्या ॲनिमेशन फिल्मची पटकथा आणि स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉट चौकटींत रेखाटलेली, पानं मिळाली. कॉमिकमधली मुखवटेवाली चोरटी, रात्रीचं शहर, छपरांवरचा पाठलाग, चाबूक, सावकाराची तिजोरी. मालमसाला भरपूर आहे आणि हातही चांगला आहे. म्हणून कौतुक बाजूला ठेवून आधी हिशेब.

चौदा मिनिटं म्हणजे ८४० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २०,१६० फ्रेम होतात. टूजवर काम केलं, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवलं, तरी १०,०८० चित्रं. क्लीनअप (रफ चित्र स्वच्छ रेघेत काढणं) आणि रंग धरून एकट्याने दिवसाला बारा चित्रं होतात असं मानू. म्हणजे पडद्यावरच्या एका सेकंदाला एक दिवस. ८४० दिवस, आणि त्यात आजारपण, कंटाळा, बंद पडलेला संगणक धरलेला नाही. डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीची, बॅटमॅनच्या कथांतल्या चोरट्या कॅटवुमनवरची २०११ सालची लघुफिल्म साधारण पंधरा मिनिटांची आहे, पण तिच्यामागे स्टुडिओची फौज होती. तुझी फिल्म सहा मिनिटांवर आण. ४,३२० चित्रं राहतील, आणि त्यातलीही बरीच होल्ड (पात्र जवळजवळ स्थिर ठेवणं), पॅन (कॅमेरा आडवा सरकवणं) आणि पुन्हा वापरलेल्या हालचालींत वाचतील.

कापायचं काय, तर पहिली चार मिनिटं. अनाथाश्रम, तुरुंगातला बाप, लहानपणी चोरलेली पहिली पोळी हे सगळं. चोराला दुःखद बालपण दिलं की प्रेक्षक त्याला माफ करून मोकळा होतो, आणि मग पुढे तो काय करतो याची कुणाला उत्सुकता राहत नाही. अँटीहिरोइनचं, म्हणजे धड भली नसलेल्या नायिकेचं, सगळं भांडवल हेच की पुढच्या क्षणी ती कुठल्या बाजूला झुकेल याची खात्री नसते. ती खात्री आपण होऊन देऊ नकोस.

तू कॅटवुमनचं नाव आदर्श म्हणून लिहिलं आहेस, तर तिची सुरुवात बघ. १९४० सालच्या 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात ती आली तेव्हा तिला 'द कॅट' म्हणत. ना मांजराचा पोशाख, ना चाबूक. म्हातारीचं सोंग घेतलेली दागिनेचोर, एवढंच. शेवटी बॅटमॅन तिला मुद्दाम निसटू देतो. पोशाख मागाहून आला. आधी आली ती चोरी आणि ते निसटणं. पुढे १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिकमध्ये काय दाखवायचं याची नियमावली, लागू झाला. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं चित्रण त्यात बसत नव्हतं, आणि ती १९६६ पर्यंत कॉमिकमधून गायबच झाली. कोडवाल्यांना नको होती ती सहानुभूती हाच तुझा कच्चा माल आहे. पटकथेत ती इतकी जपून वापरली आहे की फिल्म कोडलाही चालली असती.

आता तिजोरीचा प्रसंग. फिल्म इथेच जमेल किंवा फसेल.

तुझ्या बोर्डवर क्रम असा आहे: तिजोरी उघडते, तिला गरिबांच्या कर्जाचे कागद दिसतात, चेहरा गंभीर होतो, ती कागद पेटवते आणि जाता जाता हार उचलते. यात ती आधी साध्वी होते आणि हार ही तिची मजुरी ठरते. क्रम उलटा कर. तिजोरी उघडते, हात थेट हाराकडे जातो, मध्ये आलेले कागद बाजूला सारतो. हार थैलीत. दार बंद. ती वळते, दोन पावलं चालते आणि थांबते. मग परत वळून तिजोरी पुन्हा उघडते, कागदांसाठी.

फ्रेममध्ये मांडायचं तर हाराकडे जाणारा हात ८ फ्रेम, आणि हा तुकडा वन्सवर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र. सराईत हात गुळगुळीत चालतो. हार थैलीत जायला १२. दार बंद व्हायला १०, शेवटच्या फ्रेमवर 'खट्'. दोन पावलं, प्रत्येकी १२. मग ३६ फ्रेमचा होल्ड. दीड सेकंद कागदावर क्षुल्लक वाटतो, पण एवढ्या धावपळीनंतर तो फार लांब जातो. होल्ड म्हणजे गोठलेलं चित्र नव्हे. एकच चित्र ३६ फ्रेम ठेवलंस तर फाइल अडकली असं वाटेल. खांदे एखाददोन पिक्सेल खाली येऊ देत, एक पापणी लवू दे: मिटायला २ फ्रेम, मिटलेली २, उघडायला ३. वळतानाही आधी बुबुळं, चार फ्रेमनंतर मान, मग खांदे. सगळं एकदम वळलं तर ती दचकली असं दिसतं. आपल्याला ती स्वतःवर वैतागलेली हवी आहे.

पुन्हा उघडण्याची किंमतही तिला मोजावी लागली पाहिजे. कुलूप परत फिरवायचं, तेवढ्यात जिन्यावर पहारेकऱ्याची पावलं. आणि कागद पेटवले की धूर होणार, घंटा वाजणार. म्हणजे आलेल्या वाटेने गुपचूप जाणं संपलं. एक बारीक गोष्ट: कागदांचा घट्ट गठ्ठा सहज पेटत नाही, कडा नुसत्या काळवंडतात, कारण आतल्या पानांना हवा मिळत नाही. पानं सुटी करावी लागतात. तुझ्या बोर्डवर गठ्ठा कापूर लावल्यासारखा भडकतो. तिला पानं सुटी करायला लाव. पावलं जवळ येताहेत आणि ती पानं मोकळी करते आहे, यात तुझा पाठलागाआधीचा सगळा ताण फुकटात मिळतो.

हे कागद कसले, ते प्रेक्षकाला एका सेकंदात कळलं पाहिजे. त्यासाठी पहिल्या मिनिटात एक शॉट पेर: थरथरता अंगठा, खाली ठळक लाल शिक्का. तिजोरीत तोच लाल शिक्का दिसला की संवाद लागत नाही. अख्ख्या फिल्ममध्ये तो लाल दुसरीकडे कुठेही वापरू नकोस, तिच्या ओठांवरसुद्धा नाही.

डोळ्यांचा प्रश्न याच प्रसंगात अडतो. कॉमिकमध्ये मुखवट्याचे डोळे नुसते पांढरे ठेवायची रीत आहे. छापील पानावर ती शोभते, पण बुबुळंच नसतील तर वरचा दीड सेकंद अभिनय करणार कोण? गॉगल असेल तर 'दार बंद' आणि 'वळते' यांच्यामध्ये तो कपाळावर सरकव. आधीपासून उघडे डोळे दाखवू नकोस, म्हणजे त्या क्षणाला वजन येईल.

पोशाखावर सहा बकल, दोन साखळ्या आणि मांडीवर पट्टे आहेत. पोस्टरला झकास. पण ४,३२० चित्रांपैकी ती निम्म्यांत जरी दिसली तरी सहा बकल म्हणजे जवळजवळ तेरा हजार बकल काढायची, आणि त्यातली प्रत्येक तिरप्या कोनात वेगळी. दुसऱ्या महिन्यात तीच थरथरायला लागतात. २००१ साली चित्रकार डार्विन कुकने कॅटवुमनला नवा पोशाख दिला तो साधा, कामाचा, गॉगलवाला, आणि तरी ती सावलीवरून ओळखू येते. मॉडेल शीट, म्हणजे पात्राचा नमुना-तक्ता, करताना समोरून, पाऊण, बाजूने, मागून अशी वळणं काढ आणि सगळी काळी भरून टाक. नुसत्या आकारावरून ती ओळखू आली नाही तर साखळ्या लावून उपयोग नाही.

रात्रीच्या दृश्यात नेहमीची फसगत एकच: काळा पोशाख, काळी भिंत. पार्श्वभूमी तुला वाटते त्यापेक्षा उजळ ठेव. सगळ्यात गडद जागा तिच्या अंगावर हवी, भिंत त्याहून दोन पायऱ्या उजळ, आणि कडेला एका बाजूने थंड प्रकाशाची बारीक रेघ. प्रकाश कुठून येतो ते प्रसंगागणिक एकदाच ठरव, नाहीतर सावलीची कड फ्रेमागणिक उकळत राहते. प्रत्येक शॉट रंगहीन करून आगपेटीएवढा छोटा करून बघ. ती दिसली नाही तर रंग बदलून काही होणार नाही, छटाच बदलायला हव्यात. आकाशातल्या ग्रेडियंटला, म्हणजे हळूहळू बदलणाऱ्या रंगाला, आठ बिटमध्ये छटा कमी पडून पट्टे पडतात. काम सोळा बिटमध्ये कर आणि शेवटी किंचित ग्रेन (बारीक दाणे) टाक, पट्टे विरतात.

चाबूक. इथे बोर्ड सगळ्यात कच्चा आहे. तू तो दांड्यापासून टोकापर्यंत एकदम फिरवला आहेस, काठीसारखा. चाबकात लाट चालते. मनगट थांबतं तेव्हा मधला भाग अजून पुढे जात असतो आणि टोक अजून मागेच असतं. दोरी टोकाकडे बारीक होत जाते, म्हणून वेग वाढत जातो, आणि टोक ध्वनीच्या वेगाला ओलांडतं तोच तो कडाका. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. भागिले २४ म्हणजे फ्रेमला चौदा मीटर. टोक खरंच त्या वेगाने जात असेल तर दोन चित्रांच्या मध्ये ते कुठे आहे हे काढायचा प्रश्नच येत नाही. एक फ्रेम स्मिअर, म्हणजे ताणलेला फराटा, दे, नाहीतर टोक गाळून टाक. मांडणी अशी धर: मागे घेणं १० फ्रेम टूजवर, फेक ४ फ्रेम वन्सवर, कडाक्याची १ फ्रेम, मग लाट विरायला १२ ते १४. आवाज कडाक्याच्या फ्रेमवरच लाव. एक चूक जवळजवळ सगळे करतात: चाबूक चित्रागणिक लांब होत जातो. रफमध्ये त्याच्यावर समान अंतरावर दहा खुणा कर आणि प्रत्येक की-पोझमध्ये, म्हणजे हालचालीच्या मुख्य चित्रात, मोज. दहाच भरल्या पाहिजेत. समोरून दिसताना त्या जवळ येतील, पण कमी होणार नाहीत.

तिच्या चालीत मांजर आणायचं तर पाठीच्या कण्यात आण. उडी मारण्याआधी दबणं लांब, उडी छोटी, उतरल्यावर गुडघ्यांपासून मानेपर्यंत ओळीने बसत जाणारं अंग. आणि उतरताना आवाज नाही. कृपा करून म्याऊ नको.

छपरावरच्या उडीची पानभर उंच चौकट तू १६:९ मध्ये कोंबली आहेस, म्हणून खोली गेली. तिला तीन फ्रेम उंचीचा लेआउट कर आणि कॅमेरा खाली टिल्ट कर. उडी वर सुरू होऊ दे आणि कॅमेऱ्याने तिला खाली गाठू दे. कॉमिकमध्ये दोन चौकटींमधली मोकळी पट्टी वाचक मनाने भरतो. इथे ती भरायची की कट करायची ते तू ठरवतोस, आणि बहुतेक वेळा कटच बरा. फुग्यातले संवाद मात्र जसेच्या तसे उचलू नकोस. वीस शब्दांचा फुगा बोलायला आठ-दहा सेकंद लागतात, आणि तुझी नायिका तो हवेत असताना बोलते.

अजून एक, थोडं टोचेल असं. एकोणीसपैकी सात शॉटमध्ये कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीवर मागून आहे. ती एकटी असताना हे कोण बघतंय? बोर्डच्या प्रत्येक चौकटीखाली एक शब्द लिही: 'ती', 'पहारेकरी', 'सावकार', 'कुणीच नाही'. त्या सातांखाली लिहायला काही सापडलं नाही तर ते शॉट बदल.

आवाज आधी, ॲनिमेशन नंतर. तात्पुरत्या आवाजावर ॲनिमॅटिक (बोर्डची चित्रं वेळेनुसार लावलेला कच्चा व्हिडिओ) बेतून घे, मग खरं रेकॉर्डिंग, मग की-पोझ. संवादांबरोबर धाप, उडीचा हुंकार, मार लागल्याचे आवाजही त्याच बैठकीत घे, पण शेवटी. ओरडून घसा बसला की संवाद गेले. अर्धा मुखवटा असल्यामुळे सगळं लक्ष ओठांवर जातं. प, फ, ब, भ, म यांना ओठ निदान दोन फ्रेम मिटलेले दिसले पाहिजेत, आणि तोंडाचा आकार आवाजाच्या एकदोन फ्रेम आधी आला तर नैसर्गिक वाटतं, नंतर आला तर डबिंग वाटतं.

पात्र तुझंच असू दे. कॅटवुमनला घेऊन फिल्म केलीस तर हक्क दुसऱ्याचे, आणि महोत्सवाचे अर्ज हक्कांच्या रकान्यापाशी अडतील. १९४० सालचं ते पहिलं रूप अमेरिकेत २०३६ च्या सुरुवातीला सार्वजनिक होईल. पण तेही फक्त त्या अंकातलं, पोशाखाविना, आणि नावाचा ट्रेडमार्क वेगळाच.

साधनांबद्दल विचारलं होतंस. ओपनटून्झ किंवा ब्लेंडरचं ग्रीज पेन्सिल, दोन्ही ॲनिमेशनची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट, दोन्ही पुरेशी. जे आधीच येतं ते वापर. रेंडर, म्हणजे तयार चित्रं, नेहमी सुट्या फ्रेमच्या पीएनजी फाइलींत काढ, थेट व्हिडिओत नको. तीनशेव्या फ्रेमवर संगणक बसला तर तिथून पुढे सुरू करता येतं. फाइलच्या नावात प्रसंग, शॉट आणि आवृत्ती हवीच. 'फायनल' हा शब्द कुठल्याही नावात घालायचा नाही. दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर.

आता पुढचं काम एवढंच: फक्त तिजोरीचा प्रसंग, दार उघडण्यापासून पहिलं पान पेट घेईपर्यंत, तीस सेकंद. रंग नको, क्लीनअप नको, काड्यांची माणसं चालतील. होल्ड तीन प्रकारे करून पाठव: २४, ३६ आणि ४८ फ्रेम. आधी आवाज बंद करून बघेन, मग आवाजासह. तोवर पाठलागाला हात लावू नकोस.