हातांचा संधिवात आणि मोटरसायकल: विकण्याआधी जोर कुठे जातो ते पाहा

आपण लिहिले आहे की आपले वय ५४ आहे, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ऑस्टिओआर्थ्रायटिसचे (सांधा झिजण्याच्या संधिवाताचे) निदान झाले आहे, क्लच ओढताना तिथे कळ येते आणि तासाभराच्या प्रवासानंतर उजवे मनगट सुजते. उपाय म्हणून आखूड लिव्हर बसवले, जेलचे जाड हातमोजे घेतले, तरी फरक पडला नाही, म्हणून आता गाडी विकावी का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या दोन्ही अंगठ्यांना हाच आजार होऊन ११ वर्षे झाली आणि मी अजून चालवतो. माझे मत असे की एवढ्यात विकू नका, कारण आपला हात आज जेवढा जोर लावत आहे त्यातला बराचसा गाडी चालवण्यासाठी लागतच नाही. मात्र आपण केलेले दोन्ही उपाय आधी काढून ठेवा. त्यांनी दुखणे वाढवले असण्याची शक्यताच अधिक आहे.

लिव्हर ही साधी तरफ आहे. बोटे टेकूपासून १२० मिलिमीटरवर असताना जेवढा जोर पुरतो, त्यापेक्षा एक तृतीयांश अधिक जोर ९० मिलिमीटरवर लागतो. आखूड लिव्हर दिसायला नेटके असतात आणि निरोगी हाताला सोयीचेही वाटतील, पण आपल्या हाताला लांब लिव्हर हवा आणि तो टोकाजवळ, चारही बोटांनी ओढायला हवा. दुसरी गोष्ट अंगठ्याची. चिमटीच्या टोकाशी १ किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोंचा दाब येतो, हे हाताच्या शल्यविशारदांचे जुने गणित आहे. क्लच ओढताना आपण नकळत अंगठाही हँडलच्या मुठीभोवती आवळतो आणि खरी कळ तिथून निघते. लिव्हर बोटांनी ओढायचा, तळहाताची गादी मुठीवर टेकवायची आणि अंगठा नुसता भोवती सैल ठेवायचा, ही सवय मला लागायला काही महिने गेले. अंगठा मुठीवरून पूर्ण काढून बोटांच्या बाजूला नेण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो देणार नाही, कारण खड्ड्यात हात निसटू शकतो.

हातमोज्यांचेही तसेच आहे. तळव्यात जाड थर आला की बोटांना प्रत्येक वेळी तो थर वाकवून हात मिटावा लागतो, आणि मुठीचा स्पर्श नीट कळत नसल्यामुळे हात आणखी घट्ट आवळला जातो. जाडी मुठीवर हवी, मोज्यात नको. बहुतेक गाड्यांच्या हँडलची नळी २२ मिलिमीटरची असते. तिच्यावरील मुठीला फोमचे आवरण चढवले की हात कमी मिटावा लागतो. हात लहान असेल तर पातळ आवरण घ्या, नाहीतर लिव्हरपर्यंत बोटे ताणावी लागतील.

आता क्लचची केबल. ती जुनी झाली, आतून गंजली किंवा तिची एखादी तार तुटली, तर क्लच इतक्या हळूहळू जड होतो की चालवणाऱ्याला ते कळत नाही आणि तो दोष आपल्या हाताला देतो. मीही जवळजवळ वर्षभर तेच केले. सामान मोजायचा हुकाचा काटा लिव्हरच्या टोकाला अडकवून ओढा आणि आकडा लिहून ठेवा. मग नवी केबल टाकून, तिची वाट कुठे तीव्र वळत नाही ना ते पाहून, लिव्हरच्या खिळीला ग्रीस लावून पुन्हा मोजा. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तो आकडा पाळा. ओढ कमी व्हावी म्हणून ती हालचाल शून्यावर आणू नका, क्लचच्या प्लेटा घसरून जळतात. हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच बसवला की तो आपोआप हलका होतो, हा समज चुकीचा आहे, कारण हलकेपणा वरच्या (लिव्हरजवळच्या) आणि खालच्या (क्लचजवळच्या) पिस्टनच्या आकारांच्या प्रमाणावर ठरतो. असिस्ट-स्लिपर क्लचमध्ये मात्र इंजिन गाडीला पुढे ओढत असताना प्लेटा एकमेकींवर आपोआप दाबल्या जातात, त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येतात आणि हाताला फरक खरोखर जाणवतो. सिग्नलला क्लच धरून उभे राहू नका. गाडी थांबण्याआधीच न्यूट्रल करा.

पुढेमागे गाडी बदलायचीच झाली तर क्लचचे काम हाताकडून काढून घेण्याची युक्ती जुनीच आहे: होंडाने १९५८ च्या सुपर कबमध्येच हाताचा क्लच काढून टाकला होता, पुढे २०१० च्या व्हीएफआर १२०० एफमध्ये डीसीटी (दोन क्लच आपोआप चालवणारा गिअरबॉक्स) आणले आणि २०२३ च्या अखेरीस ई-क्लच जाहीर केला, ज्यात लिव्हर असतो पण तो ओढावा लागत नाही. स्कूटरचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल, तेव्हा एवढे लक्षात ठेवा की बहुतेक स्कूटरच्या डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, म्हणजे डावा हात पूर्ण मोकळा होत नाही.

उजव्या मनगटाचे कारण बहुधा आजारापेक्षा बसण्यात आहे. नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात मुठींवर टेकवा आणि बोटे सरळ करा. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष यायला हवी. लिव्हर त्या रेषेच्या वर किंवा खाली असतील तर बोल्ट सैल करून ते फिरवा. हे दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. ॲक्सिलरेटर मनगट मागे मोडून धरू नका, स्क्रू ड्रायव्हर धरावा तसा तिरका धरा. शरीराचा भार टाकीवर दाबलेल्या गुडघ्यांनी आणि पाठीने पेलायचा आहे. हातांवर भार येत असेल तर हँडल उंच करणारे तुकडे बसवावे लागतील. मुठीवर अडकवायची तळहाताची पट्टी लांबच्या सरळ रस्त्यावर फार आराम देते, पण गर्दीत ती काढा, कारण गाडी वळवताना तळवा चुकून तिच्यावर पडला तर गाडी झेपावते. अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला, किंवा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर ते सांध्याचे नव्हे, नसेवरच्या दाबाचे लक्षण आहे आणि डॉक्टरांना वेगळे सांगायला हवे.

थंडीत सांधे आखडतात, म्हणून वारा अडवणारे हँडगार्ड आणि गरम होणाऱ्या मुठी या माझ्या मते चैनीच्या वस्तू नाहीत.

गाडी न काढण्याचे दिवस कसे ओळखायचे, हे आपण विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे. निघण्यापूर्वी उभ्या गाडीवर पुढचा ब्रेक झटक्यात, पूर्ण ताकदीने, लागोपाठ पाच वेळा दाबा. पाचव्या वेळी हात कचरला तर त्या दिवशी गाडी तशीच राहू द्या, कारण अचानक थांबताना बहुतांश काम तोच ब्रेक करतो. ही तपासणी वेदनाशामक गोळी घेण्याआधी करा. गोळीने कळ दबते, बळ येत नाही, आणि ट्रॅमॅडॉलसारख्या औषधांनी गुंगीही येते. दोन्ही हातांचे सांधे गरम होऊन सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकत असेल, तर तो आमवात असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते लवकर सुरू व्हावे लागतात.

मूळचे लांब लिव्हर आपण ठेवले असतील अशी आशा आहे. ते परत बसवा, केबल बदला, आठवडाभर चालवा आणि काट्यावरचे आधीचे व नंतरचे आकडे इथे लिहा. मग हँडलच्या उंचीकडे वळू.