युद्ध संपलं, लोक घरी निघाले, आता आपण काय पाठवायचं?

प्रश्न: ताई, ऐरोलीत आमचं महिला मंडळ आहे. सीरियातले लोक आता आपापल्या घरी परत चाललेत असं न्यूजमध्ये बघितलं आणि सगळ्यांनी ठरवलं की जुने कपडे, चादरी, भांडी गोळा करून पाठवूया, न्हावाशेवा बंदर तर इथे जवळच आहे. पण एका मेंबरचे मिस्टर म्हणाले, युद्ध संपलं ना, मग आता मदत कशाला, घरी गेले की करतील आपापलं. आम्ही काय करावं? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, कपडे नका पाठवू, पैसे पाठवा. आणि मदत आत्ताच लागते, हेही त्या भाऊंना सांगा.

छावणीत निदान तंबू, पाणी, रेशन, दवाखाना एका जागी असतो. घरी पोचलं की तेही सुटतं, आणि समोर काय, तर छप्पर उडालेलं, विहीर बुजलेली, शाळा बंद, शेतात सुरुंग, हातात पैसा नाही. डिसेंबर 2024 ला असद सरकार पडल्यावर बाहेरच्या देशांतून दहा लाखांहून जास्त लोक सीरियात परतलेत, आणि शेत नांगरताना नाहीतर घराचा ढिगारा उपसताना न फुटलेला बॉम्ब फुटून माणसं दगावतायत, त्यात लहान मुलंही आहेत.

सीरियाचं अजून चालू आहे, म्हणून श्रीलंकेचं सांगते, तिथे आपल्या देशाचा पैसा लागलाय. मे 2009 मध्ये तिथल्या सरकारचं आणि लिट्टेचं युद्ध संपलं तेव्हा जवळपास तीन लाख तमिळ लोक छावण्यांत होते, बहुतेक वावुनियाजवळच्या मेनिक फार्ममध्ये, तारेच्या कुंपणाआड. ती छावणी बंद व्हायला सप्टेंबर 2012 उजाडला. परत जाणाऱ्या कुटुंबाला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडून 25 हजार श्रीलंकन रुपये आणि जागतिक अन्न कार्यक्रमाकडून काही महिन्यांचं कोरडं रेशन मिळायचं. भारताने छपराचे पत्रे पाठवले, सिमेंटच्या 4 लाख गोण्या पाठवल्या, शेतीच्या अवजारांचे 95 हजार संच दिले, सुरुंग काढणाऱ्या टीमही पाठवल्या. बघा, यात कुठेही जुनी साडी नाहीये.

आणि मग आली भारताची 50 हजार घरांची योजना, मला यातलं सगळ्यात पटलेलं काम हेच. कॉन्ट्रॅक्टर आणून एकसारखी खुराडी उभी नाही केली, बहुतेक ठिकाणी कुटुंबाच्याच बँक खात्यात साडेपाच लाख श्रीलंकन रुपये हप्त्याहप्त्याने टाकले, पाया झाला की पुढचा हप्ता, भिंती वर आल्या की त्याच्या पुढचा, आणि घर कसं बांधायचं, गवंडी कोण, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला हे घरच्यांनीच ठरवायचं. ज्या बाईने तीन वर्षं रांगेत उभं राहून दुसऱ्याने ठरवलेलं जेवण घेतलं तिला हे ठरवायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, मी तर म्हणेन पत्र्याइतकीच गरजेची. अडचणी आल्याच, वाळू-सिमेंटचे भाव चढले, कित्येकांनी घर पुरं करायला कर्ज काढलं, दागिने गहाण टाकले. म्हणून रक्कम ठरवताना भाववाढ धरायलाच हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

कपड्यांचं म्हणाल तर 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या रस्त्यांच्या कडेला देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, लोकांनी ते घेतले नाहीत, का घ्यावेत? शिवाय कंटेनरचं भाडं, कस्टम, तिथली वाहतूक, एवढ्या पैशात तिथल्याच बाजारात नवं सामान येतं आणि तिथल्या दुकानदाराचा गल्लाही सुरू होतो. मंडळाचे पैसे एकत्र परदेशी पाठवायच्या आधी सीएंना विचारा, नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर देशाबाहेरच्या खर्चाला आयकर खात्याची वेगळी मंजुरी लागते नाहीतर करसवलत जाते. प्रत्येकीने स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत पाठवणं सोपं, फक्त परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही हे लक्षात ठेवा.

प्रश्न: नवी मुंबई शहर वसवायला आमची जमीन गेली, मोबदल्यातल्या साडेबारा टक्के भूखंडाच्या मागे वडिलांचं अर्धं आयुष्य गेलं. युद्धातून परत आलेल्यांना स्वतःची जमीन तरी मिळते का? – एक वाचक, घणसोली

उत्तर: दादा, सगळ्यांना नाही मिळत, आणि तुम्हाला हा प्रश्न का पडला ते कळतंय. मेनिक फार्म बंद झाली तेव्हा शेवटी उरलेली कुटुंबं मुल्लैतिवू जिल्ह्यातल्या केप्पापिलवूची होती, त्यांच्या गावात लष्कराचा तळ, म्हणून त्यांना दुसरीकडेच नेऊन वसवलं. सरकारी हिशोबात ते परतले, पण स्वतःच्या अंगणात नाही. 2017 मध्ये बायका तळाच्या गेटसमोर धरणं धरून बसल्या, मग थोडी थोडी जमीन सुटायला लागली.

त्यात कागद जळालेले किंवा पळताना हरवलेले, आपला सातबारा गेला तर तलाठ्याकडे नोंद तरी असते, तिथे कचेऱ्याच उद्ध्वस्त. आणि जिचा नवरा बेपत्ता आहे तिचं तर फारच अवघड, जमीन त्याच्या नावावर आणि तिच्याकडे मृत्यूचा दाखला मागतात. तो गेला असं ती कसं लिहून देणार, ती तर अजून शोधतेय! श्रीलंकेने 2016 मध्ये कायदा बदलून बेपत्ता असल्याचा वेगळा दाखला सुरू केला, त्यावर नवऱ्याला मृत न ठरवता मालमत्ता सांभाळता येते, सरकारी मदत घेता येते. युद्ध संपून सात वर्षं झाल्यावर सुचलं हे. असे कागद करून देणारे वकील, अर्ज लिहून देणारी माणसं, त्यांच्या पगाराला सहसा कोणी देणगी देत नाही, पत्र्याचा फोटो निघतो, दाखल्याचा निघत नाही.

प्रश्न: सुरुंग काढायला एवढा वेळ का लागतो? मशीन नाहीत का? – कॉलेज विद्यार्थी, ठाणे

उत्तर: मशीन आहेत, पण झाडी, बांध, पडकी घरं अशा ठिकाणी शेवटी माणूसच गुडघ्यावर बसून डिटेक्टरने इंच इंच तपासतो, आणि जमिनीत खिळे, काडतुसं, पत्र्याचे तुकडे एवढे असतात की प्रत्येक आवाजाला थांबून हळूच खणावं लागतं. मोझांबिकमध्ये 1992 ला शांतता करार झाला, पुढच्या चार वर्षांत 17 लाख निर्वासित परतले, आणि देश सुरुंगमुक्त जाहीर झाला 2015 ला. तोवर लोक त्याच जमिनीत शेती करत होते. हॅलो ट्रस्टसारख्या संस्था गावातल्याच स्त्री-पुरुषांना शिकवून या कामावर पगारी घेतात, उत्तर श्रीलंकेत कितीतरी बायका हे काम करतात. ऐरोलीच्या ताईंनी पैसे कुठे द्यायचे ठरवताना हेही नाव यादीत घ्यावं.