राजीनाम्यातली राजी

प्रश्न असा आहे: महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर ‘कन्सेन्ट’साठी संमती लिहावं, सहमती की परवानगी? आणि खाली पुस्ती, ‘की मराठीत यासाठी शब्दच नाही?’

ही पुस्ती हल्ली इतक्या वेळा ऐकतो की आधी तिचाच समाचार घेतो. शब्द नाही म्हणणाऱ्यांनी कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन एखादं खरेदीखत वाचावं. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, नशापाणी न करता लिहून देतो.’ खुशी हवी, समज हवी, दडपण नको, नशा नको. कार्यशाळांमधून सरकचित्रं (स्लाइड्स) लावून जे शिकवतात ते एका वाक्यात आलं की नाही? अर्धा गुंठा विकताना जे विचारायचं सुचलं, ते माणसाच्या बाबतीत सुचायला वेळ लागला, एवढंच.

आता तुमचे तीन शब्द झटपट उरकू. परवानगी बाद. ती परवान्यातून आली, परवाना म्हणजे वरून सुटलेला हुकूम. देणारा वर, मागणारा खाली. मंडप घालायला परवानगी लागते. सहमती चर्चेअंती होते, पक्षांची, आघाडीतल्या पुढाऱ्यांची. बातम्यांत ‘परस्पर सहमतीने संबंध’ वाचलं की माझं डोकं उठतं. ‘सह’ आहे तर ‘परस्पर’ कशाला? शिवाय रोजच्या मराठीत ‘परस्पर’चा अर्थ काय होतो? ‘काकांनी जमीन परस्पर विकली’, ‘तिचं लग्न परस्पर ठरवलं’. म्हणजे ज्याचा संबंध त्याला न विचारता! संमतीच्या शेजारी बसवायला नेमका हाच शब्द सापडावा?

उरली संमती. सम् आणि मन् धातू, मत आणि मती ज्यातून आले तोच. १८७२च्या करार कायद्याच्या तेराव्या कलमात व्याख्या आहे: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती. त्या इंग्रज मसुदाकारांना आपला ‘सम्’ ठाऊक असण्याचं कारण नाही, पण व्याख्या त्याला चपखल बसते. चांगला शब्द आहे, वापरा. पण त्यात डोकं आहे, मन नाही. विचार जुळला, इच्छेचं काय?

इच्छेसाठी शब्द आहे राजी. इथे जरा बसू.

अरबीत ‘संतुष्ट होणे’ या अर्थाचा एक धातू आहे. त्यातलं ‘ज़ाद’ हे अक्षर फारसीत ‘ज़’ झालं आणि तिथून गोतावळा मराठीत उतरला. राजी म्हणजे संतुष्ट. नाराज म्हणजे राजी नसलेला. मर्जी म्हणजे ज्यात संतोष आहे ते. रझा, मुर्तझा, रझिया ही नावंही त्याच घरची. आणि तुम्ही कार्यालयात टाकता ती रजा? तीसुद्धा! रजा म्हणजे मुळात साहेबाची खुशी, ती मिळाली की तुम्ही घरी. ‘रजा मंजूर झाली’ म्हणजे एका होकाराला दुसरा होकार मिळाला. (‘रजा’तला ज ‘जावई’तला, ‘राजी’तला ज ‘जेवण’मधला. त्यामुळे ही सख्खी भावंडं कानाला ओळखू येत नाहीत.)

पण या घराण्याचा मानकरी राजीनामा. एका दैनिकाच्या भाषाविषयक सदरात एका विद्वानांनी लिहिलं होतं की पूर्वी मंत्री राजाकडे कागद देऊन पद सोडत, म्हणून राजीनामा. राजाचा नामा! साहेब, ‘राजा’चा ‘राजी’ कुठल्या व्याकरणाने होतो, तेही सांगितलं असतंत तर उपकार झाले असते. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. पेशवाईतल्या न्यायनिवाड्यात वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत: पंच जो निवाडा करतील त्याला आम्ही राजी. निवाडा झाला की हरलेल्याकडून येजितखत घेत, मी हरलो असं लेखी. राजी असल्याचा कागद आणि हरल्याचा कागद असे दोन वेगळे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मग राजीनाम्याचा अर्थ पद सोडणं कसा झाला? माझा तर्क सांगतो, पटला तर घ्या. उत्तरेतल्या कोर्टांत आजही राजीनामा म्हणजे तडजोड. सोडण्याचा अर्थ आहे तो मराठीत, गुजरातीत आणि कन्नड-तेलुगूसारख्या दक्षिणेतल्या भाषांत. जुन्या मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा कुळंबी सरकारला राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत. मी राजीखुशीने सोडतो, हा राजीखुशीने घेतो. गावोगाव हाच कागद पाहून लोकांच्या डोक्यात राजीनामा आणि सोडणं यांची गाठ बसली असणार. जमिनीचं झालं ते खुर्चीचं झालं. शुद्धीवाले इथे ‘त्यागपत्र’ सुचवतात. त्याग कसला, बहुतेकांना काढलेलं असतं! ‘सक्तीने राजीनामा घेतला’ हे वाक्य आपण किती सहज लिहितो पाहा. सक्तीने राजी असल्याचा कागद घेतला. यात कुणाला काही खटकत नाही.

या घराण्यात एक गोम आहे. मर्जी वरच्याची असते. ती राखायची, तिच्यात राहायचं, नाहीतर खप्पामर्जी. हा ‘खप्पा’ म्हणजे फारसी ‘खफा’. राजी मात्र खालच्याने व्हायचं. ‘तिला राजी केलं’ म्हणतात, ‘मालकाला मर्जी केलं’ असं कुणी म्हणत नाही. धातू तोच, संतोषाचाच, पण कुणाचा संतोष मोजायचा ते भाषेने आधीच ठरवून टाकलंय. लग्नाच्या बोलण्यांतही ‘होकार आला का?’ विचारतात तेव्हा तो मुलाकडचा असतो. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रणकंदन झालं, टिळक विरोधात उभे राहिले. शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरायचं वय दहावरून बारा करायचं होतं. वाद धर्माचा होता, सरकारच्या अधिकाराचा होता. ज्या मुलीच्या संमतीच्या नावाने कायदा होता, तिला काय वाटतं हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही.

तर ते येजितखत. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचं प्रकरण. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे संमतीच, असं धरून. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुद्दा होता, निमूट सोसणं म्हणजे संमती नव्हे. पेशव्यांच्या कारकुनाला हे सांगावं लागलं नसतं, त्याच्याकडे राजी असल्याचा आणि हरल्याचा असे दोन कागद होते! १९८३ साली कायदा बदलला, २०१३ साली आणखी. आता भारतीय न्याय संहितेच्या ६३व्या कलमात आहे की संमती स्पष्ट आणि स्वेच्छेची हवी, शब्दांतून किंवा खुणेतून कळवलेली, त्या विशिष्ट कृतीपुरती, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून ती गृहीत धरायची नाही. ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ तोंडावर फेकणाऱ्यांनी हे कलम पाठ करावं. (त्याच कलमात अठरा पूर्ण झालेल्या बायकोच्या बाबतीत नवऱ्याला सूट आहे. तिथे कुठला कागद लागू म्हणायचा, परवाना?)

तुमचं भित्तिपत्रक राहिलंच. मथळ्याला ‘संमती’ ठेवा, आणि खाली बोलीत ‘ती राजी आहे का? तो राजी आहे का?’ असं लिहा. ‘राजी केलं का?’ लिहू नका. ‘सम्मती’ हिंदी वळणाचं, ‘सन्मती’ म्हणजे सुबुद्धी, ती वेगळी. आणि सोबत फॉर्म छापणार असाल तर ‘संमतिपत्र’, ति ऱ्हस्व.